हिमनिर्मित मानवसदृश आकृती : आपण तयार आहात का?

थोरलाकसन, पलूक आणि वीब या वकील कंपनीचं बातमीपत्र दर गुरुवारी निघत असे. त्यात आठवड्याभरातल्या कायद्याच्या बातम्या असत आणि त्यांवर कंपनीचं भाष्य असे. त्या आठवड्यात कायद्यात काही घडलं होतं की नाही, हा प्रश्न वेगळा. गुरुवार मात्र दर आठवड्याला घडत होता, आणि कंपनीला तेवढं पुरत होतं.

भाष्य लिहिण्याची रीत ठरलेली होती. मथळ्यात वाचकाला एक प्रश्न विचारायचा, आणि तो शक्यतो ‘आपण तयार आहात का?’ हाच. सुरुवातीला सांगायचं की परिस्थिती झपाट्याने बदलते आहे. मग सांगायचं की नेमकं काय बदलतंय ते आत्ताच सांगता येणार नाही. त्यानंतर ‘असू शकेल’, ‘मानता येईल’, ‘नाकारता येत नाही’ अशी वळणं घेत घेत शेवटाला यायचं आणि वेळीच वकिलाला भेटा म्हणायचं. अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘हा सल्ला नव्हे’ असं छापायचं. भाष्य वाचून झालं की वाचकाला आधी नसलेली एखादी काळजी लागे, आणि ती कुठे घेऊन जायची तो पत्ताही शेजारीच छापलेला असे.

त्या वर्षी जानेवारीत थंडी अशी पडली की आमचं प्रेअरीवरचं, म्हणजे सपाट गवताळ मुलखातलं, शहर जागच्या जागी थिजलं. इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर विजेला जोडून ठेवलेल्या गाड्यासुद्धा सकाळी खोकून गप्प बसत. न्यायाधीश घरी, पक्षकार घरी, गुन्हेगारही बहुधा घरीच. कायद्यात काहीही हलत नव्हतं. अशात गुरुवार जवळ आला.

भाष्य लिहिण्याचं काम कंपनीतल्या सर्वांत नव्या वकिलाकडे, कॅलम रीव्हकडे, होतं. कॅलम आला होता व्हिक्टोरियाहून, समुद्राकाठच्या गावाहून, जिथे हिवाळ्यात पाऊस पडतो आणि लोक त्यालाच थंडी म्हणतात. मुलगा हुशार, नम्र, बूट मात्र अजून तिकडचेच.

“या गुरुवारी काय आहे?” कंपनीचे थोरले भागीदार स्टेफान थोरलाकसन यांनी दारातून डोकावून विचारलं.

“काहीच नाही, स्टेफान. कुठेच काही घडलेलं नाही.”

“घडलं नाही ही रड वर्तमानपत्रवाल्यांची. आपण वकील आहोत बाबा. घडू शकेल त्यावर लिही.”

कॅलमने खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता, छपरं, गोठलेली नदी, पलीकडचं रान, सगळं पांढरं. एवढा बर्फ आहे तर त्याचे बाहुलेही असणारच, असं त्याच्या मनात आलं. बर्फाचे बाहुले त्याने नाताळच्या शुभेच्छापत्रांवर पुष्कळ पाहिले होते.

गुरुवारी भाष्य निघालं. “हिमनिर्मित मानवसदृश आकृती (यापुढे ‘आकृती’) आपल्या आवारात उभी असल्यास, तिच्या कोसळण्याने, वितळण्याने अथवा केवळ असण्याने उद्भवणारी जबाबदारी आपल्यावर येऊ शकेल, ही शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.” अशा सुरुवातीचं ते भाष्य दोन पानं चाललं होतं आणि त्यात एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

चूक वाक्यांच्या बाहेर होती. आमच्याकडचा जानेवारीतला बर्फ कोरडा ठक्क असतो. मूठभर घेऊन दाबावा, तर मूठ उघडताच तूप कमी पडलेल्या रव्याच्या लाडवासारखा भुरभुरून जातो. बाहुला वळायचा तर हवा जरा ऊबदार व्हावी लागते, आणि असा चिकट बर्फाचा दिवस मार्च संपता संपता एखादा येतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कॅलमला ठाऊक नव्हतं. स्टेफानना होतं, पण भाष्य तपासताना त्यांनी फक्त स्वल्पविराम पाहिले.

समोरच्या इमारतीतही एक वकील कंपनी होती. थोरलाकसनवाले बोलले आणि आपण गप्प राहिलो, असं दिसणं तिला परवडणारं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात तिचं भाष्य आलं : आकृतीचं नाक गाजराचं असल्यास ते टोकदार ठरतं का? तिसऱ्या कंपनीने टोपीचा मुद्दा काढला. टोपी आकृतीच्या डोक्यावर ठेवली म्हणजे दान केली, की फक्त ठेवली? चौथीने बदनामीकडे लक्ष वेधलं. गल्लीत एखादे गोल बांध्याचे, टक्कल असलेले गृहस्थ राहत असतील, तर त्यांची परवानगी घेणं शहाणपणाचं ठरेल, असं तिचं नम्र मत पडलं.

शहरातल्या वर्तमानपत्राने बातमी दिली : ‘बर्फाच्या बाहुल्यांवरून कायदेपंडितांत मतभेद.’ मतभेद आहेत म्हटल्यावर विमा कंपनी जागी झाली. तिने घरमालकांना विचारलं, आपल्या आवारात आकृती आहे का? नसल्यास, ती नसल्याचं आपण शेवटचं कधी पाहिलंत?

हे सगळं चाललं असताना शहरात एकही बाहुला नव्हता. असणं शक्यच नव्हतं.

आता लिगायाविषयी सांगायला हवं. लिगाया मनालो सहा वर्षांची. आईबाबांबरोबर फिलिपाइन्समधल्या इलोइलो गावाहून नुकतीच शरद ऋतूत इथे आलेली. तिची आजी, तिच्या भाषेत लोला, तिकडेच राहिली. तिला फोनवर लिगायाने सांगून ठेवलं होतं, “लोला, मी माझ्यापेक्षा मोठा माणूस करणार आहे. बर्फाचा. करून तुला दाखवणार.” तिच्या पहिलीच्या वर्गाच्या बाई मिस फोंटेन यांनी शब्द दिला होता की पहिल्या चिकट दिवशी अख्खा वर्ग मैदानात जाऊन बाहुला करेल. तेव्हापासून लिगाया रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी हातमोजा काढून मूठभर बर्फ दाबून बघे.

“आज, मिस?”

“अजून नाही गं राणी. हातमोजा घाल आधी.”

बाईंचा शब्द ही पहिलीतल्या मुलांसाठी फार मोठी गोष्ट असते. शाळा मंडळासाठी मात्र वकिलांचं भाष्य त्याहून मोठं निघालं. मंडळाने ते वाचलं, चारही कंपन्यांचं वाचलं, आणि नियमांचा एक मसुदा केला.

मसुदा तयार करणाऱ्यांनी विचार अगदी पायरीपायरीने केला होता. बाहुला मुलावर पडू शकतो, म्हणून तो मुलाच्या गुडघ्याहून उंच नसावा. पण गुडघ्याएवढा बाहुला दिसत नाही, त्यावर कोणी अडखळेल. म्हणून तो उंच असावा, पण आडवा असावा. आडवा असला म्हणजे पडण्याचा प्रश्नच मिटतो. पण आडव्या माणसाला पाहून कोणी रुग्णवाहिका बोलावली तर? म्हणून तो उभाच असावा, नाक नसावं, आणि तो वितळेपर्यंत एका जबाबदार प्रौढ व्यक्तीने त्याला धरून ठेवावं. मंजुरी मिळेपर्यंत कोणीही काहीही करू नये.

शाळेचे मुख्याध्यापक मिस्टर डिक यांनी मसुदा मिस फोंटेनना वाचून दाखवला. डिक स्वभावाने गरीब. त्यांना हो म्हणायची भीती वाटे आणि नाही म्हणायची लाज.

“धरून ठेवायचं? वितळेपर्यंत?” बाईंनी विचारलं. “दोन दिवस लागतात. जेवायला सोडणार का त्या माणसाला?”

“मसुद्यात त्याबद्दल काही नाही.”

“आणि मी मुलांना शब्द दिलाय त्याबद्दल?”

“त्याबद्दलही नाही,” डिक म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

मिस फोंटेननी मग एक साधी गोष्ट केली. ज्याने हे सुरू केलं त्याला त्यांनी शाळेत बोलावलं. कंपनीला वाटलं, प्रसिद्धी होईल. फेब्रुवारीतल्या एका सकाळी कॅलम छोट्याशा खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून पहिलीच्या वर्गासमोर बसला.

ओवेन नावाच्या मुलाने पहिला हात वर केला. “मिस्टर रीव्ह, बाहुला अंगावर पडून कोणी मेलंय का?”

“तशी नोंद आमच्या पाहण्यात नाही. याचा अर्थ तसं झालेलंच नाही, असा मात्र नव्हे.”

“म्हणजे मेलंय?”

“असंही नव्हे.”

“म्हणजे अर्धं मेलंय,” ओवेनने वर्गाला समजावून सांगितलं.

“बर्फ पांढरा असतो का?” मागून कोणीतरी परीक्षा घेतली.

“सर्वसाधारणपणे,” कॅलम म्हणाला. वर्ग खूश झाला. असं बोलणारा मोठा माणूस त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता.

लिगाया उठून अगदी जवळ आली. “तुम्ही केलाय का कधी बाहुला?”

“मी या विषयावर बरंच लिहिलंय.”

“पण केलाय का?”

“नाही.”

“मी पण नाही!” ती आनंदाने ओरडली. “मग आपण दोघं बरोबरच करू.”

मुलांनी कॅलमला मैदानात नेलं. तो उकिडवा बसला, दोन्ही हातांनी बर्फ गोळा केला, दाबला. तो बोटांमधून सांडून गेला. पुन्हा दाबला. पुन्हा सांडला. वर्ग शांतपणे बघत होता. वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती विझवता न येणाऱ्या आजोबांकडे पाहतात, तसं.

“यात काहीतरी बिघडलंय,” कॅलम म्हणाला.

“बिघडलेलं नाहीये. फेब्रुवारी आहे,” ओवेन म्हणाला.

मिस फोंटेन हळूच म्हणाल्या, “तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही कोणाला विचारलंत?”

कॅलमने थोडा विचार केला. “आम्ही विचारत नाही. आम्हाला विचारतात.”

तो ओल्या पायांनी तडक कचेरीत परतला आणि स्टेफानच्या खोलीत शिरला.

“स्टेफान, या शहरात सध्या बाहुला होऊच शकत नाही!”

“हे मला माझ्या आईने सांगितलं होतं,” स्टेफान म्हणाले. “मी चार वर्षांचा होतो.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू मला विचारलंस, भाष्य बरोबर आहे का? ते बरोबर होतं. बाहुल्याचं तू काही विचारलंच नाहीस.”

“आता आपण दुरुस्ती छापायला हवी.”

स्टेफानना कॅलमची मनापासून दया आली. त्यांनी त्याला बसवून घेतलं. “हे बघ कॅलम. दुरुस्ती करायची तर आधी माणसाने काहीतरी ठाम म्हटलेलं असावं लागतं. तू म्हटलंयस का?”

कॅलमने आपलं भाष्य पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचलं. त्याने काहीही म्हटलेलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी दुरुस्तीऐवजी अभिमानाची बातमी निघाली. कंपनीचं भाष्य प्रसिद्ध झाल्यापासून शहरात एकही आकृती उभी राहिलेली नाही आणि त्यामुळे एकही अपघात झालेला नाही. इतर कंपन्यांनी जाहीर अभिनंदन केलं आणि या यशात आपलाही वाटा असल्याचं नाकारता येत नाही, असं कळवलं. नगरसभेत चर्चा झाली. करण्याआधीच इतका पाळला जाणारा कायदा सभासदांच्या पाहण्यात नव्हता; असा कायदा करायलाच हवा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. फक्त एक म्हाताऱ्या सभासद बाई उठल्या.

“अहो, पण मार्चपर्यंत बर्फ चिकटतच नाही. हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे ना?”

“माहीत आहे, बाई,” अध्यक्ष म्हणाले. “पण ती माहिती झाली. आज आपण मतं ऐकतोय.”

आणि मग मार्च संपत आला असताना तो दिवस उजाडला. छपरांच्या कडा टपटपू लागल्या. हवेला ओल्या मातीचा पुसटसा वास आला. लिगायाने फाटकाशी हातमोजा काढला, मूठ दाबली, उघडली. तळहातावर गोळा होता, आणि त्यावर तिच्या चार बोटांचे ठसे होते.

“मिस,” ती कुजबुजली, मोठ्याने बोललं तर तो फुटेल अशा भीतीने, “हा सुटत नाहीये.”

मिस फोंटेन गोळ्यासकट तिला मुख्याध्यापकांच्या खोलीत घेऊन गेल्या. डिकनी मंडळाला फोन लावला. बराच वेळ ते नुसतं ‘हं, हं’ करत होते. मग त्यांनी फोन ठेवला.

“मसुदा जूनच्या बैठकीत येणार म्हणतात.”

“जूनमध्ये बर्फ नसतो, हे सांगितलंत त्यांना?”

“सांगितलं. ते म्हणाले, म्हणूनच निर्णय घेणं सोपं जाईल.”

गोळ्यातून एक थेंब डिकच्या टेबलावर पडला. उद्यापासून पाऊस होता, रेडिओने सकाळीच सांगितलं होतं. त्यानंतर उरणार होता तो नुसता राडा, आणि मग पुढचा हिवाळा. सहा वर्षांच्या मुलीला पुढचा हिवाळा म्हणजे म्हातारपणासारखाच लांब वाटतो.

“मी नाही म्हणत नाही,” डिक कळवळून म्हणाले. “मी हो म्हणू शकत नाही, एवढंच. कोणा वकिलाचं मत मिळालं असतं तर...”

मिस फोंटेननी फोन उचलला. “मिस्टर रीव्ह? बर्फ चिकटतोय. या.”

कॅलम आला तेव्हा अख्खा वर्ग टोप्या-मफलर घालून दारात उभा होता. डिक उंबरठ्यावर, एक पाय आत, एक पाय बाहेर.

“मला फक्त तुमचं मत हवंय,” ते म्हणाले. “म्हणजे उद्या कोणी विचारलं, तर मला म्हणता येईल की यांनी सांगितलं.”

कॅलमने घसा साफ केला. “सर्वसाधारण परिस्थितीत, आणि प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती वेगळी असते हे ध्यानात घेता, असं मानायला वाव असू शकेल की...”

“मिस्टर रीव्ह,” लिगाया म्हणाली. “हो की नाही? लवकर सांगा ना. घंटा होईल.”

कॅलमने तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातातला गोळा आता लिंबाएवढा उरला होता. त्याने सवयीने तोंड उघडलं, आणि आतून एक भलताच शब्द बाहेर आला.

“हो.”

तो स्वतःच दचकला. मागे वळून बघितलं, दुसरं कोणी बोललं की काय म्हणून.

“हो, म्हणजे कोणत्या मर्यादेत हो?” डिकनी विचारलं. पण ऐकायला तिथे कोणी उरलं नव्हतं.

मुलांनी गोळे लोटायला सुरुवात केली. गोळा पुढे जाई आणि मागे मैदानात गेल्या वर्षीच्या पिवळ्या गवताचा पट्टा उघडा पडे. पहिला गोळा पाच जणांना लोटवेना इतका झाला. दुसरा त्यावर चढवताना ओवेन खाली पडला, आणि मेला नाही. तिसरा गोळा, म्हणजे डोकं, लिगायाने एकटीने केला. तो वर ठेवायला कॅलमने तिला उचलून धरलं. बाहुला तिच्याहून हातभर उंच झाला आणि हळूच डावीकडे कलला.

“मसुदा!” डिक ओरडले. “जबाबदार प्रौढ व्यक्ती! धरा कोणीतरी!”

सगळ्यांनी कॅलमकडे पाहिलं.

“मी वकील आहे हो,” तो म्हणाला.

“चालवून घेऊ,” मिस फोंटेन म्हणाल्या. “आता दुसरं कुठून आणणार?”

तेव्हा कॅलमने बाहुल्याला मागून मिठी मारली. राहिला प्रश्न नाकाचा. मसुद्याप्रमाणे आकृतीला नाक मना होतं. धरणाऱ्याबद्दल मसुद्यात अवाक्षर नव्हतं. लिगायाने बराच विचार करून गाजर कॅलमच्या दातांत दिलं, ते बाहुल्याच्या खांद्यावरून पुढे आलं आणि सगळ्यांचं समाधान झालं. त्यानंतर चांगला तासभर शहरातल्या एका वकिलाने कशावरही मत दिलं नाही.

मिस फोंटेननी आपल्या फोनवर इलोइलोला व्हिडिओ कॉल जोडून दिला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण आजी उठून बसली.

“लोला, दिसतोय? माझ्यापेक्षा मोठा!”

“अगं बाई, केवढा! पण तो थरथरतोय का?”

“थरथरतोय तो मागचा. मागचा खरा माणूस आहे, त्याच्याकडे नको बघू. पुढचा बघ.”

आजीने पुढचा बघितला. पुष्कळ वेळ बघितला.

रात्रीच्या पावसात बाहुला गेला. कॅलमचा ‘हो’ मात्र राहिला. कंपनीवर एवढं मोठं संकट आजवर आलं नव्हतं. पुढच्या भाष्याचा मथळा होता, ‘आमच्या सहकाऱ्याच्या एका शब्दाविषयी’. तो शब्द थंडीत उच्चारला गेला असल्याने त्याचा अर्थ व्यापक घेऊ नये, असं स्टेफाननी स्वतः लिहिलं. समोरच्या कंपनीने मात्र तो अर्थ व्यापकच घ्यावा लागेल असं मत दिलं, आणि तिसरीने, ‘हो’ म्हणणाऱ्या वकिलांबाबत आपण तयार आहात का, असं विचारलं. डिकनी मंडळाला खुलासा पाठवला. मंडळाने तो नगरसभेकडे पाठवला, आणि नगरसभेने मत मागवण्यासाठी थोरलाकसन, पलूक आणि वीब यांच्याकडे.

ही हकीकत मुलांना सांगायला घेतली की ती मध्येच थांबवतात आणि विचारतात, बाहुल्याचं नाव काय ठेवलं? मोठ्या माणसांना सांगितली की ती शेवटपर्यंत नीट ऐकून घेतात आणि विचारतात, मग त्या परवानगीचं काय झालं? परवानगीचं जूनमध्ये बघणार आहेत. नाव त्याच दिवशी ठेवलं होतं. डोकं वर बसताक्षणी लिगायाने ते मोठ्याने सांगितलं, आणि सगळ्या वर्गाने ओरडून मंजूर केलं. या गोष्टीत ते कुठेच आलेलं नाही, आणि इथवर वाचत आलात तरी तुम्ही ते विचारलं नाहीत.